स्क्रीन बदलण्याआधी ड्रायव्हर पाहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विंडोज १० च्या सपोर्टची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि अनेकांनी जुने लॅपटॉप फॉरमॅट करून नवी विंडोज टाकून घेतली. त्यानंतर हमखास येणारी तक्रार म्हणजे अक्षरं मोठी आणि पुसट, चित्रं ताणलेली, आणि सेटिंग्जमध्ये डिस्प्ले रिझोल्यूशनचा (स्क्रीनवर आडवे-उभे किती ठिपके दाखवायचे, त्याचा) रकाना करडा पडलेला. १०२४×७६८ सोडून दुसरा पर्यायच दिसत नाही. एवढ्यावरून 'स्क्रीन गेली' म्हणत ग्राहकाला हजारोंच्या खर्चात पाडणं चूक आहे.

दोष बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोज आणि चित्र दाखवणारी चिप यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'डिस्प्ले अॅडॉप्टर्स' खाली पाहा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया या चिप कंपन्यांच्या नावाऐवजी फक्त 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर' दिसलं, की निदान झालं. हा विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर. लॅपटॉप सुरू होताना जे रिझोल्यूशन मिळालं, तेच तो धरून बसतो. ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, प्रोजेक्टर जोडला तर ओळखत नाही, हीसुद्धा त्याचीच लक्षणं.

लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर मॉडेल किंवा सीरियल नंबर असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून त्याच मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवावा, इन्स्टॉल करावा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करावा. फॉरमॅटनंतर वायफायही चालत नसेल तर मोबाइल केबलने जोडून त्यातलं यूएसबी टेदरिंग सुरू करावं, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं. इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील तर आधी इंटेलचा ड्रायव्हर टाकावा. अशा लॅपटॉपची स्क्रीन बहुधा इंटेलच्या चिपलाच जोडलेली असते. एखाद्या अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर त्याच अॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आधीचा ड्रायव्हर परत आणणारं 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण आहे. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र कृपा करून घेऊ नका. त्यातून नको ते प्रोग्रॅम शिरतात.

स्क्रीन किंवा तिची केबल खरोखर बिघडली असेल, तर रेघा आणि डाग विंडोज सुरू होण्याआधी, बायोसच्या (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जच्या) पानावरही दिसतात. आणि १३६६×७६८ च्या स्क्रीनवर १९२०×१०८० चा पर्याय आला नाही, तर तो बिघाड नव्हे. तेवढे ठिपके तिच्यात नाहीतच.

फॉरमॅट करून देणाऱ्यांनी ग्राहकासमोर डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवावा. दोन मिनिटांचं काम आहे.

शाळांमधल्या जुन्या प्रोजेक्टरची गोष्ट थोडी वेगळी. ड्रायव्हर ठीक असूनही पर्याय मोजकेच दिसत असतील तर प्रोजेक्टर जोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या व्हीजीए केबलच्या पिना तपासाव्यात. १५ पैकी ९ क्रमांकाची पिन अनेक केबलमध्ये मुळातच नसते, त्याची काळजी नको. पण १२ किंवा १५ क्रमांकाची वाकली वा तुटली, तर प्रोजेक्टर आपली क्षमता लॅपटॉपला कळवूच शकत नाही. अशा वेळी केबल बदलावी.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ, सांगली