ताराबाईंच्या नावाने ओसरीतली बालवाडी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ताराबाई मोडकांची जयंती, म्हणजे 19 एप्रिल, फोटोला हार घालून साजरी न करता त्या दिवसापासून ओसरी वस्तीतल्या मुलांसाठी उघडायची, हे तुम्ही ठरवलंत ते फार आवडलं. 1926 साली बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या आणि 1945 मध्ये बोर्डीला जाऊन आदिवासी मुलांसाठी काम मांडणाऱ्या बाई होत्या त्या. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. त्यामुळे मागच्या बांधकामावरच्या मजुरांची मुलं आपणहून येतील याची वाट पाहू नका. बाबा, तुम्ही सतरंजी घेऊन आधी तिकडे जा. छत्तीसगढी बोलली तर बोलू द्या, मराठी हळूहळू येईल.

दुकानातले महागडे लाकडी संच मागवू नका. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या यांतूनच साधनं उभी केली.

आई, मुलं बोटाने रेघा काढतील ती वाळूची पाटी तेवढी मन लावून कर. उथळ कडांचा स्टीलचा ट्रे घे, 30 बाय 40 सेंटिमीटर पुरे. तळाला गडद निळा कागद चिकटव. कन्हान नदीची वाळू बारीक चाळून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, उन्हात कडक वाळव. थर अर्ध्या सेंटिमीटरचाच हवा. जाड झाला की बाजूची वाळू घसरून रेघ बुजते, खालचा निळा दिसत नाही आणि मूल कंटाळून पाटी ढकलून देतं. रवा वापरू नकोस, मुंग्या लागतात.

अक्षरं पुठ्ठ्यावर, चार-पाच इंच उंचीची, 120 नंबरच्या पॉलिशपेपरची काप. 80 नंबरचा बोटांना ओरबाडतो आणि मुलं त्याला हात लावेनाशी होतात. क्रम अ-आ-इ असा नको, ग-म-भ-न असा ठेव, वळणं एकातून एक निघतात. एका वेळी दोन किंवा तीनच अक्षरं घे. तर्जनी आणि मधलं बोट एकत्र फिरवत ‘हा ग’ असं तू म्हण. मग ‘ग कुठला?’ विचार. हे चार-पाच वेळा बिनचूक झाल्यावरच ‘हा कोणता?’ हा प्रश्न. तिथे घाई केली की मूल अक्षराकडे न बघता तुझ्या तोंडाकडे बघून अंदाज करायला लागतं. तसं दिसलं की पुन्हा मागे ये, रागावू नकोस.

पेन्सिल पाच वर्षांपर्यंत देऊ नका. बोटांचे स्नायू तयार नसताना लिहायला लावलं की मूठ आवळून धरायची सवय लागते, ती पुढे सहज सुटत नाही. पालक ‘एबीसीडी कधी?’ विचारणारच. त्यांना समजावणं बाबांकडे. पेन्सिलीऐवजी ओतायचं काम द्या. मुलाच्या हातात मावतील असे दोन गडवे घ्या, एक अर्धाच भरा, आधी चवळीने, जमलं की पाण्याने. शेजारी फडकं ठेवा. सांडलं तर मूलच पुसेल, तुम्ही धावू नका.

बियांचं मात्र सांभाळा. चिंचोके चालतील, पण साडेतीन वर्षांवरच्यांनाच, आणि देताना-घेताना मोजून. लहान मुलं नाकात घालतात. गुंजा आणि एरंडीच्या बिया घरातच ठेवू नका, दोन्ही विषारी आहेत.

2013 च्या बालशिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस धरलं आहे. माझ्या मते तुम्ही दोघांनी मिळून पंधराच्या वर जाऊ नये. एका जणाने शौचाला नेलं तरी दुसऱ्याचं लक्ष राहतं.

आपल्याकडचं ऊन पाहता एप्रिलमध्ये साडेसात ते साडेनऊच ठेवा. मुलं आल्या आल्या पाणी पाजा, मग मध्ये एकदा, जाताना एकदा, मागितलं नाही तरी. कूलर जमिनीवर असेल तर जाळीत बोट जाणार नाही अशी आड बसवा. टाकी दर आठवड्याला रिकामी करून कडा घासा, नुसतं पाणी बदलून डासांची अंडी निघत नाहीत. आणि प्लगला अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, मगच मुलांना बोलवा.

तुमची,
लेक