ठिपक्यांचा कागद हातात, मेतकूट बॅगेत

दादर, मुंबई

चि. मुक्ता,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शिक्षक देवाणघेवाणीसाठी अमेरिकेला जायच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली, छान झालं. पण रात्रीच्या गाडीने निघून सकाळी दादरला उतरायचं आणि तिथून थेट बीकेसीतली (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकन वकिलात, हा बेत रद्द कर. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आहे, गाडी कुठे किती रेंगाळेल याचा नेम नाही. शिवाय बोटांचे ठसे आणि फोटो आधी वेगळ्या केंद्रावर द्यावे लागतात, मुलाखत त्यानंतर वकिलातीत. दोन दिवस आधीच ये. वकिलातीत मोबाईल आत नेता येत नाही. तो घरी ठेवून जा आणि कागद साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ने.

या सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. तुझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, सेवापुस्तकात सासरचं. डीएस-२०१९ (देवाणघेवाण कार्यक्रमाचं पात्रतापत्र), डीएस-१६० (व्हिसाचा अर्ज) आणि विमानाचं तिकीट, तिन्हींवर पासपोर्टातलं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात तुझ्या नावापुढे बाबांचंही नाव आहे. तिकीट काढताना नेमकं तेच गळतं, तेव्हा पैसे भरण्याआधी बघ. शाळेच्या ना हरकत पत्रात एक ओळ मागून घे, की सेवापुस्तकातलं आणि पासपोर्टातलं नाव एकाच व्यक्तीचं आहे. रजामंजुरीचं पत्र वेगळं माग. ना हरकत म्हणजे रजा नव्हे. ते हातात नसेल तर परत आल्यावर सेवाखंडाचा प्रश्न निघतो आणि मग कार्यालयात खेटे.

डीएस-२०१९ वर तुझी सही राहिली नाही ना ते पाहा. त्यावरचा कार्यक्रम क्रमांक जी-१, जी-२, जी-३ किंवा जी-७ ने सुरू होत असेल तर सेविसचं (परदेशी विद्यार्थी आणि देवाणघेवाणीवर येणाऱ्यांची अमेरिकन सरकारी नोंद) शुल्क भरायचं नसतं. कुणी एजंट मागत असेल तर देऊ नकोस. हा कागद कायम हातातल्या पिशवीत. उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीपाशी तो दाखवावा लागतो आणि मोठी बॅग तर त्याच्या पलीकडच्या पट्ट्यावर येते. 

खाण्याचं. मेतकूट आणि गोडा मसाला मोठ्या बॅगेतच टाक. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातात असली की जादा तपासणी होते, कधी काढूनही ठेवतात. सुक्या खोबऱ्याची वाटी कुठल्याच बॅगेत नको. त्यातल्या तेलामुळे ती आपोआप पेटू शकणाऱ्या पदार्थांत मोडते. चटणी नेच, पण तिळाची किंवा शेंगदाण्याची. कढीपत्ता वाळवलेलासुद्धा नको, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे तिथे तो बंद आहे. आणि खाण्याचं जे काही असेल ते विचारल्यावर 'हो' म्हणून सांगून टाक. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड. पॉवर बँक मात्र हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही.

चार्जरवर '१००-२४०' छापलेलं असेल तर नुसती पिन बदलणारा अडॅप्टर पुरे. इस्त्री नेऊ नकोस. तिथे १२० व्होल्ट, आपली २३० वरची इस्त्री नुसती कोमट होईल.

आता तिथे घ्यायच्या तासाबद्दल. ताजमहालाच्या स्लाइड तिथल्या मुलांनी कधीच पाहिल्यात. तू गणिताची बाई आहेस, रांगोळी ने. म्हणजे पूड नव्हे (पांढऱ्या पुडीची पिशवी विमानतळावर कुणाला समजावत बसशील?), ठिपक्यांचा कागद. जाड खाकी कागद घे, वर्तमानपत्राचा लगेच फाटतो. दोन-दोन सेंटीमीटरवर उदबत्तीने भोकं पाड आणि प्रत्येक ओळ अर्ध्या ठिपक्याने सरकव. ओळी सरळ एकाखाली एक आल्या तर षटकोन जमतच नाही. पुडीऐवजी तिथलं बारीक मीठ आणि खाली काळा कार्डशीट. मीठ दमट झालं तर भोकात अडकतं, आयत्या वेळी नवा पुडा फोड.

७ ते ४ मांड. मधल्या ओळीत ७, तिच्या वर आणि खाली ६, ५, ४. मोजले की ३७. मग ५ ते ३ चे १९, ३ ते २ चे ७, आणि एकटा ठिपका १. फळ्यावर १, ७, १९, ३७ एवढंच लिही. फरक ६, १२, १८ हे मुलं पटकन पकडतील आणि ९ ते ५ चे ६१ न मोजता सांगतील. खरी गंमत हे आकडे ओळीने मिळवत जाण्यात आहे. १, मग ८, मग २७, मग ६४. घन! हे त्यांच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून येऊ दे. पाच मिनिटं वर्ग गप्प राहिला तरी तू बोलू नकोस.

तिथून इथल्या तुझ्या वर्गाशी व्हिडिओवर बोलायचं असेल तर शेवटचा तास धर. तुझी यजमान शाळा पूर्व किनाऱ्यावर आहे, इथले दुपारचे साडेचार म्हणजे तिथले सकाळचे सात. अकराचा तास घेतलास तर तिथे रात्रीचा दीड. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर साडेचारला तिथे सहाच वाजलेले असतील. मुख्याध्यापकांना हे आत्ताच लिहून दे.

येताना सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आण, दोन प्रती.

तुझी,
आई