गच्चीवर उष्णतारोधक पांढरा कोट देण्याबाबत स्मरणपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती, आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, नागपूर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

याच विषयावर मागच्या उन्हाळ्यात दिलेल्या अर्जांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. आता एप्रिल अर्धा संपला. नवतपा (मे अखेरचे सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाल्यावर चर्चा करून उपयोग नाही, म्हणून पुन्हा लिहितो आहे.

गळतीसाठी गच्चीवर काळी डांबरी शीट टाकली, तेव्हाच मी तिच्यावर पांढरा कोट द्या म्हटलं होतं. गळती थांबली, त्याबद्दल समितीचे आभार. पण काळी शीट दिवसभर ऊन पिते, खालचा स्लॅब ती उष्णता साठवतो आणि रात्री आमच्या घरात सोडतो. रात्री दहाला स्टुलावर चढून बेडरूमच्या छताला हात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं लागतं. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. एसी २४ वर ठेवून भागत नाही, २० वर आणावा लागतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार एक अंश वर ठेवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते. आमचं बिल कशामुळे फुगतं, ते यावरून समजावं.

मासिक सभेत २०३ च्या सभासदांनी सांगितलं, "फायदा वरच्या चार फ्लॅटना, खर्च त्यांनीच करावा. नाहीतर दुहेरी काचेच्या खिडक्या बसवा." गच्ची चार फ्लॅटची नाही, संस्थेची आहे. तिची देखभाल संस्थेच्या खर्चाने करायची, असं आदर्श उपविधींत (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांत) स्पष्ट आहे. त्यासाठीच दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आपण सगळे भरतो. तळमजल्याच्या ड्रेनेजचं काम याच निधीतून झालं, तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावरचे म्हणून हात आखडता घेतला नव्हता.

खिडक्यांचं म्हणाल तर मी कोटेशन घेतलं आहे. एका फ्लॅटच्या दुहेरी काचांच्या पैशात अख्ख्या गच्चीचं काम होऊन पैसे उरतील. शिवाय साधी दुहेरी काच पश्चिमेचं थेट ऊन फारसं अडवत नाही. ऊन काचेच्या बाहेरच थोपवावं लागतं. म्हणूनच मी गॅलरीला बाहेरून बांबूचे चिक (पडदे) लावले, तर आठवड्याच्या आत "इमारतीचं बाह्य स्वरूप बिघडते" अशी नोटीस आली. २०३ ची ग्रिल भिंतीच्या बाहेर वीतभर आली आहे, ती या नियमात कशी बसते, हे मला लेखी कळवावं.

कामही अवघड नाही. उघड्या सिमेंटच्या स्लॅबवर चुना चालतो, पण डांबरी शीटवर तो टिकत नाही आणि साध्या पांढऱ्या रंगातून डांबराचे पिवळे डाग वर येतात. म्हणून आधी डांबर रोखणारा प्रायमर आणि वर ऊन परतवणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात हवेत. धूळ बसली की पांढऱ्याचा गुण कमी होतो, तेव्हा दर उन्हाळ्यापूर्वी गच्ची धुवावी लागेल. थर्माकोलच्या जाड शीट आणि वर कोबा हा उपाय अधिक चांगला, पण महाग आणि वजनदार. तो मी मागत नाही. घरात फॉल्स सीलिंग करा असंही सुचवलं गेलं, पण त्याने स्लॅब तापायचा थांबत नाही.

तेलंगणाने २०२३ मध्ये थंड (ऊन परतवणाऱ्या) छपरांचं स्वतंत्र धोरण केलं. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत (राहत्या इमारतींसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत) छपरातून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा आहे. ती नव्या बांधकामांसाठी आहे हे मला ठाऊक आहे, पण ऊन जुन्या इमारतीवरही तेवढंच पडतं. ४०१ आणि ४०३ चं मत माझ्यासारखंच आहे. ४०४ च्या आजी दुपारभर जिन्यात खुर्ची टाकून बसतात, त्यांना विचारून पाहा.

माझी मागणी एवढीच: महिनाअखेरच्या सभेत हा विषय घ्यावा, तीन कोटेशनं मागवावीत आणि निर्णय होईपर्यंत चिकांची नोटीस स्थगित ठेवावी. प्रस्तावाला कोणी विरोध केला, तर त्यांचा फ्लॅट क्रमांक आणि कारण इतिवृत्तात लिहावं आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मला द्यावी.

आपला,
सभासद, फ्लॅट क्र. ४०२

प्रत माहितीसाठी: मा. सचिव, मा. खजिनदार