मॅडम, तुम्ही मला गणित मांडायला लावलंत

आदरणीय मॅडम,

माझ्या मनावर उपचार तुम्ही केलेत, पण तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पत्र मात्र उघड लिहितोय, कारण लॉबीत साइन ऑन करायला, म्हणजे ड्युटीची हजेरी लावायला, येणाऱ्या मोटरमन पोरांपैकी कुणीतरी ते वाचावं.

मी लोकलचा मोटरमन. मुंबईच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांवर माणसं जातात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून, कुणी स्वतःहून. पेपरात दोन ओळी येतात, त्यात कॅबमधला माणूस नसतो. आधीचे रनओव्हर, म्हणजे माझ्या गाडीखाली माणूस आल्याचे प्रसंग, मी पचवले होते, निदान तसं समजत होतो. दिवा-मुंब्र्यामधल्या त्या बाईचं काही जमेना. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गाडी चालवताना डेडमॅन हँडल सतत दाबून धरावं लागतं, सोडलं की ब्रेक लागतात. मी झोपेतही ते धरून असायचो आणि बायको एकेक बोट सोडवायची. कुकरची शिट्टी झाली तरी घाम फुटायचा. ठाण्याला जायचं तर बसनं जायचो, रेल्वेचा पास खिशात असून! जो तो म्हणे, विसरून जा. जसं काही मी हौसेनं आठवत बसलो होतो. कुणी नारायण नागबळी सुचवला, तोही त्र्यंबकेश्वरला जाऊन केला. तिथे बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मूठ काही सुटली नाही.

तुम्ही उलटंच सुरू केलंत. डोळे मिटा आणि आत्ता घडतंय तसं सांगा: मी कॅबमध्ये आहे, सिग्नल हिरवा आहे... संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मधेच विचारायचात, त्रास शंभरात किती? पहिल्यांदा मी पंच्याण्णव म्हणालो आणि मनात तुम्हाला शिवीही हासडली. वर ते रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं! अमेरिकेतल्या एडना फोआ यांनी ही पद्धत घडवली, अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना आणि लढाईवरून आलेल्या सैनिकांनाही तिचा उपयोग झालाय, असं तुम्ही सांगितलंत. टाळलं की भीती तेवढ्यापुरती दबते, पण आठवण म्हणजे ती घटना नव्हे हे मनाला कधी कळतच नाही. ऐकून ऐकून आकडा खरंच उतरू लागला. एका जागी मात्र अडायचा: मी ब्रेक आधी मारायला हवा होता.

हे पत्र खरं तर त्या दुपारसाठी आहे. 'तुमचा काय दोष' असं सगळ्यांनी म्हणून झालं होतं, तुम्ही म्हणाला नाहीत. कागद-पेन पुढे सरकवलंत. स्पीड किती होता? ऐंशी. ती दिसली तेव्हा अंतर? एका मास्टचं, म्हणजे ओव्हरहेड वायरच्या दोन खांबांमधलं, पन्नासेक मीटर. मग मांडा म्हणालात. ताशी ऐंशी किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. माझ्या हातात सव्वादोन सेकंद होते. आणि बारा डब्यांची भरलेली गाडी इमर्जन्सी ब्रेक मारून थांबायला? अडीचशे मीटर तरी. हे आकडे मला तोंडपाठ होते, पोरांना मीच शिकवायचो, पण स्वतःच्या केसला कधी लावले नव्हते. मग तुम्ही विचारलंत, "तुमच्या ज्युनिअरच्या बाबतीत हेच घडलं असतं, तर चौकशीत तुम्ही काय लिहिलं असतं?" मी लिहिलं. चालकाकडून कसूर नाही. आणि त्या कागदावरच हमसून रडलो. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात आणि बोलला नाहीत. त्या न बोलण्याचे आभार वेगळे.

नंतरचं सोपं होतं असं नाही, पण सरळ होतं. आधी फलाटावरच्या बाकावर बसायचं, मग फास्ट जाताना फलाटाच्या टोकाला उभं राहायचं, मग पहिल्या डब्यात प्रवासी म्हणून. टोकाला तुम्ही स्वतः आलात, भर मे महिन्यात. शेवटी कॅब. मी कॅबमधूनच रिटायर झालो, गळ्यात हार घालून.

सगळं गेलंय असं मात्र नाही. कधी आकडा वीसवर जातो, मग उतरतो. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्याही काही महिने घेतल्या, त्यांचाही वाटा आहे. प्रत्येकाला हीच पद्धत मानवते असंही नाही, हे तुमचंच सांगणं. ज्याला कुठे जावं कळत नाही त्यानं टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतून बोलतात.

एक काम आहे. पुढच्या आठवड्यात एक तरुण मोटरमन तुमच्याकडे येईल. त्याला नोकरी जाण्याची धास्ती आहे, म्हणून ही गोष्ट बाहेर जाणार नाही, हे त्याला आधी सांगा. पहिल्या दिवशी तो फक्त क्रिकेटवर बोलेल. बोलू द्या.

तुमचा,
एक निवृत्त मोटरमन, कल्याण