धाकटीच्या लग्नाबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आईला रडू आलं, बाबा गप्प झाले, मग मीही फोन ठेवला. समोरासमोर तुम्हाला असं काही सांगायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते आहे.

मुलगा तुम्हाला पसंत आहे. निर्व्यसनी आहे, कमावता आहे, इथे नाशिकला शरणपूर रोडच्या आपल्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या मुलांना शिकवतो. त्याच्या घरी रोज संध्याकाळी कुटुंबाची प्रार्थना होते. हे सगळं आईनंच कौतुकानं सांगितलं आणि शेवटी हळूच म्हणाली, "पण ते मूळचे आपल्यातले नाहीत गं. श्रीरामपूरला नातेवाईक काय म्हणतील?"

पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंदांनी त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं, हे बाबांनीच आम्हाला सांगितलंय. जी जात सोडल्याबद्दल त्यांनी एवढं सोसलं, तीच आपण चार पिढ्या ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवायची आणि लग्नाची बोलणी निघाली की बाहेर काढायची?

बाबा, तुम्ही स्टाफरूममध्ये डबा उघडलात की आधी मान खाली घालून प्रार्थना करायचात. मी त्याच शाळेत होते, दारातून पाहायचे. कोणी हसायचं, कोणी मुद्दाम मोठ्यानं बोलायचं. तुम्ही डोळे उघडायचात, डब्यातली भाकरी मोडून शेजारच्या सरांपुढे धरायचात आणि जेवायला लागायचात. ना भांडण, ना लपवाछपवी. विश्वास कसा जगायचा ते मी तिथे शिकले. दोन धन्यांची चाकरी होत नाही, हे वचन तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलंत ते पैशाच्या बाबतीत. मला वाटतं, आपल्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये तो दुसरा धनी पैशापेक्षा जात हाच आहे. त्याच्याविषयी वेदीवरून फारसं कुणी बोलत नाही.

गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय पुन्हा वाचाल का? न्यायसभेसमोर न डगमगलेला पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, बांधवांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमहून आपली माणसं आली आणि तो मागे सरला. परक्यांना न भिणारा माणूस आपल्याच माणसांना भ्याला. पौलानं सगळ्यांदेखत त्याला ते सांगितलं. मी पौल नाही, तुमची लेक आहे, म्हणून हे फक्त तुम्हा दोघांनाच लिहिते आहे.

इथे राहायला आल्यापासून शरणपूरचा जुना इतिहास मनात घोळत असतो. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुलं मिशननं इथे आणली, शिकवली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा आफ्रिकेच्या रानात त्यांच्या दफनविधीची प्रार्थना त्यानं वाचली, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांमध्येही तो होता. अशी मुलं आणि आपले मराठी ख्रिस्ती याच वस्तीत राहिले, एकाच प्रभूची उपासना करत होते. त्या जमिनीवर उभं राहून मी धाकटीला कोणत्या तोंडानं सांगू, की तो मुलगा "आपल्यातला" नाही?

आणि आई, लक्ष्मीबाई टिळक तर तुझ्या लाडक्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये त्यांच्या यजमानांनी, कवी ना. वा. टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला, पण नवरा गेला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. पुढे टिळकांजवळ राहायला आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं चालूच होतं. जातिभेद देवानं नाही, माणसानं केलाय हे स्वतःला पटलं तेव्हाच त्यांनी ते सोडलं, आणि मग पूर्णच सोडलं. १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो अर्ध्या मनानं नाही. वेळ लागला याचं मला काही वाटत नाही. तुलाही वेळ लागू दे. फक्त नातेवाइकांच्या भीतीनं ठरवू नकोस.

ईस्टरला तुम्ही इथे आला होतात. प्रभुभोजनाच्या वेळी त्या मुलाची आई तुझ्या शेजारीच गुडघे टेकून होती. तिच्यानंतर पाळकांनी प्याल्याची कड पुसली, प्याला किंचित फिरवला आणि तुझ्या ओठांशी धरला. तू डोळे मिटून प्यायलीस. मी मागच्या बाकावरून पाहत होते. त्या प्याल्याला तू नाही म्हणाली नाहीस, तर त्यांच्या घरी मुलगी द्यायला का अडतेस?

नातेवाइकांचं म्हणाल तर बोलतील ते. आत्या कदाचित लग्नाला यायच्याही नाहीत. त्याचं वाईट मलाही वाटेल, कारण त्यांनी आम्हाला अंगाखांद्यावर खेळवलंय. त्यांना मी स्वतः भेटून सांगेन, पत्रिका हातात देईन, पाया पडेन. पण मुलगा कोण हे लपवायचं, "त्यांचं आडनाव सांगू नका" असली पळवाट काढायची, हे मला मान्य नाही. होकार द्यायचा तर उघड द्यायचा. चर्चमध्ये लग्नाची घोषणा वाचली जाईल तेव्हा बाबांनी पहिल्या बाकावर बसावं.

धाकटी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही, म्हणूनच हा शब्द तुम्ही जपून द्या. ती रोज रात्री प्रार्थनेत तुमचं नाव घेते, तक्रारीचा एक शब्द नसतो. मला तेच पाहवत नाही.

येत्या रविवारी मुलाचे आई-वडील उपासनेनंतर आपल्याकडे जेवायला येणार आहेत. तुम्ही शनिवारीच निघा. ठक्कर बाजारला उतरलात की फोन करा, जावई गाडी घेऊन येतील. आईच्या गुडघ्यांच्या गोळ्या विसरू नका. आणि बाबा, त्याआधी मुलाच्या वडिलांना तुम्ही स्वतः एक फोन करा. आमंत्रण मी दिलंय, पण ते तुमच्या तोंडून गेलं पाहिजे. नंबर मागे लिहिला आहे.

तुमची,
थोरली