स्लाइड दाखवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सादर नमस्कार.

आप्पांच्या पोटाच्या बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट घ्यायला मी आईला घेऊन तुमच्या लॅबमध्ये आलो होतो. बाकावर बसल्या बसल्या आईनं मला विचारलं, "माझ्या ठेच्यानं झालं का रे हे?" आत्या चारचौघांत तसं बोलली होती. जाता जाता तुमच्या कानावर पडलं आणि तुम्ही आम्हाला आत बोलावलंत.

"काम काय करता?" गवंडीकाम, म्हणालो. मग तुम्ही त्या तुकड्याची स्लाइड लावलीत. चांगल्या भागात प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ होती, विटांच्या सांध्यांत दर्जा भराव्यात तशी. ते ई-कॅडहेरिन, पेशीला पेशी धरून ठेवणारं प्रथिन. क्लॉडिन नावाचं दुसरं प्रथिन फटी बुजवतं, आम्ल झिरपू देत नाही. स्लाइड पुढे कॅन्सरच्या भागावर सरकली आणि रेघच नाहीशी झाली. पेशी सुट्या सुट्या, केंद्रक कडेला ढकललेलं, खड्याच्या अंगठीसारखं. आयुष्यभर भिंती बांधल्या मॅडम, मला लगेच कळलं.

ओल कुठून शिरली तेही सांगितलंत. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात येतो, वर्षानुवर्षं अस्तर सुजवत ठेवतो, आणि त्याचं एक एन्झाइम ई-कॅडहेरिनच कापतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९४ सालीच त्याला कॅन्सरकारक ठरवलंय. "तो ज्यांच्या पोटात असतो त्यांतल्या थोड्यांनाच कॅन्सर होतो. पण तुमच्या ठेच्याला दोष देऊ नका, मावशी." आई तिथेच रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

आजोबाही पोटाच्या कॅन्सरनंच गेले हे ऐकून तुम्ही जनुकाची तपासणी सुचवलीत. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या हा आजार होता, त्यांनी स्वतः संशोधकांना गाठलं आणि १९९८ मध्ये ई-कॅडहेरिनच्या जनुकातला दोष उघड झाला, ही हकिकत मी घरी सगळ्यांना सांगतो. आमच्यात तो दोष निघाला नाही. जंतू मात्र धाकट्या भावाच्या पोटात सापडला. चौदा दिवस गोळ्या झाल्या, नंतरची तपासणी स्वच्छ आली.

आप्पा श्रावणात गेले. तुम्ही दिलेल्या त्या अर्ध्या तासाचे आभार तेव्हा मानायचे राहिले, ते आज मनापासून मानतो. आत्याही आईजवळ बसून गेली. आईनं पाटा-वरवंटा भिंतीला उभा करून ठेवला होता. परवा तिनं तो धुऊन उन्हात ठेवला.