वाफेची मोटार अडते ती कंडेन्सरपाशी

संपादक महोदय,

वाफेच्या मोटारीचा विषय निघाला की बॉयलर फुटण्याची भीती आणि पाणी तापेपर्यंतचा खोळंबा, हे दोन आक्षेप ठरलेले. दोन्ही जुने झाले. १९२० च्या दशकातल्या डोबल मोटारीत पाण्याच्या मोठ्या पिंपाऐवजी एकाच लांब नळीचे वेटोळे होते. त्यात एका वेळी पाणी थोडेच असते. नळी फुटलीच तरी वाफ भट्टीत सुटते. थंड गाडी दीडेक मिनिटात निघे. शून्य वेगालाही पूर्ण जोर मिळत असल्याने गिअरबॉक्स लागत नाही. बर्नर कमी दाबावर सतत जळतो, त्यामुळे धूरही स्वच्छ ठेवता येतो.

घोडे अडते ते वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करताना. १ किलो वाफेचे पाणी करायला सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. चाकांना ३० किलोवॉट हवेत आणि इंजिन २० टक्के कार्यक्षम आहे असे धरा: १२० किलोवॉट उष्णता कंडेन्सरमधून, म्हणजे वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या भागातून, हवेत गेली पाहिजे. तेवढ्याच शक्तीच्या पेट्रोल इंजिनाचा रेडिएटर याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास उष्णता टाकतो, कारण बरीचशी धुराबरोबर निघून जाते. कंडेन्सर काढून टाकला तर तासाला १९० लिटर पाणी लागेल. मोठा बसवला तर त्याचा पंखा इंजिनाचीच शक्ती खातो. चढावर, उन्हात, कमी वेगात तो हमखास अपुरा पडतो.

दुसरी अडचण तेलाची. सिलिंडरचे वंगण वाफेबरोबर कंडेन्सरमधून बॉयलरकडे जाते, तापलेल्या नळीत जळून त्याचा थर बसतो, तिथे नळीची भिंत जास्त तापते आणि शेवटी फाटते. म्हणून तेल वेगळे करणारी गाळणी आणि क्षारमुक्त पाणी, दोन्ही सक्तीची. वाफेचे तापमान वाढवून कार्यक्षमता वाढवावी, तर ४०० अंश सेल्सिअसपलीकडे साधे खनिज तेल टिकत नाही. पाण्यानेच वंगण करण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण पाण्याचा पापुद्रा तेलासारखा भार पेलत नाही.

वाफेला खरा वाव आहे तो जोडइंजिन म्हणून. बीएमडब्ल्यूने २००५ मध्ये मांडलेली टर्बोस्टीमर ही रचना पेट्रोल इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून तिची शक्ती क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, देत असे. तासन्‌तास एकाच भाराने धावणाऱ्या अवजड ट्रकला हे अधिक मानवते. थांबत-थांबत चालणाऱ्या मोटारीत वाफ तयार होईस्तो प्रवास संपतो.

नव्या वाफेच्या इंजिनाबद्दल लिहिताना वेग आणि जोर यांच्याबरोबर कंडेन्सरचे आकारमान, पंखा व पंप वजा जाता उरलेली शक्ती आणि दर १०० किलोमीटरला भरावे लागणारे पाणी, हे तीन आकडेही आवर्जून छापावेत, ही विनंती.